मधुमेही बोक्याला खनिजांच्या गोळ्या द्याव्यात का?

वाचकाचे पत्र: आमचा मन्या ११ वर्षांचा, नसबंदी केलेला बोका आहे. पाच आठवड्यांपूर्वी त्याला मधुमेह असल्याचे कळले. तेव्हा त्याचे वजन ६.८ किलो होते, आता ६.२ किलो आहे. मी त्याला सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट इन्सुलिन टोचते, तरीही दवाखान्यात तपासले की साखर ३५०च्या पुढेच निघते. गेल्या पंधरवड्यापासून तो मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालतो आणि खिडकीवर उडी मारायला कचरतो. एका स्नेह्यांनी ते स्वतः घेत असलेल्या गोळ्यांची बाटली मला आणून दिली आहे. तिच्यावर क्रोमियम पिकोलिनेट २०० मायक्रोग्रॅम, व्हॅनाडिल सल्फेट, झिंक, मॅग्नेशियम आणि अल्फा लिपॉइक ॲसिड ३०० मिलिग्रॅम असे छापलेले आहे. ‘नैसर्गिक खनिजेच आहेत, रोज अर्धी गोळी दे, पाय सुधारतील आणि इन्सुलिनही कमी करता येईल,’ असे त्यांचे म्हणणे आहे. टोचताना मन्या अंग चोरतो, ते मला बघवत नाही. बाटली अजून उघडलेली नाही. काय करू?

उत्तर:

बाटली उघडली नाहीत, हे फार चांगले केलेत. ती तशीच परत करा. खनिजांविषयी मी सविस्तर लिहिणारच आहे, पण त्या लेबलावरचे शेवटचे नाव आधी बाजूला काढले पाहिजे, कारण सर्वांत मोठा धोका तिथे आहे आणि ते खनिज नाहीच.

अल्फा लिपॉइक ॲसिड माणसांमध्ये मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या त्रासासाठी दिले जाते, त्यामुळे ‘पाय सुधारतील’ ही कल्पना तुमच्या स्नेह्यांना त्यावरूनच सुचली असावी. मांजराचे शरीर मात्र हा पदार्थ माणसासारखा हाताळू शकत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की माणूस, कुत्रा किंवा उंदीर यांच्यापेक्षा मांजरासाठी तो सुमारे दहापट अधिक विषारी आहे, आणि शरीराच्या दर किलोमागे ३० मिलिग्रॅम एवढ्या मात्रेला मांजरांमध्ये विषबाधेची उघड लक्षणे दिसली, तर त्याहून कमी मात्रेतही यकृताच्या पेशींवर परिणाम झालेला आढळला. आता तुमच्या हातातल्या गोळीचा हिशेब करा. अर्ध्या गोळीत १५० मिलिग्रॅम आणि मन्याचे वजन ६.२ किलो, म्हणजे किलोमागे सुमारे २४ मिलिग्रॅम, आणि तेही रोज. हा पत्रव्यवहार वाचणाऱ्या कोणी आपल्या मांजराला अशी गोळी आधीच दिली असेल, तर तोंडातून लाळ गळणे, उलट्या, तोल जाणे किंवा अंग थरथरणे यांची वाट पाहू नये. गोळीची बाटली सोबत घेऊन लगेच पशुवैद्यांकडे जावे.

आता खनिजांकडे येऊ. ‘खनिज द्यावे का’ या एका प्रश्नात दोन अगदी वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. शरीरात एखादे खनिज खरोखर कमी पडले असेल तर ते भरून काढणे हा एक प्रश्न. आणि शरीरात ते पुरेसे असतानाही औषधासारखे वरून देऊन त्याच्याकडून साखर उतरवून घेणे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रक्ततपासणी देते. दुसऱ्याचे उत्तर प्रत्यक्ष मधुमेही मांजरांवर झालेल्या प्रयोगांतून यायला हवे, आणि तिथेच या बाटलीची बाजू लंगडी पडते.

क्रोमियमची कथा जुनी आहे. १९५९ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून असा निष्कर्ष मांडला गेला की त्रिसंयुजी क्रोमियम मिळाले की साखर पचवण्याची बिघडलेली क्षमता पूर्ववत होते, आणि तेव्हापासून क्रोमियमच्या गोळ्या मधुमेहाच्या नावाने विकल्या जाऊ लागल्या. मांजरांवरही ते तपासून पाहिले गेले आहे. १९९९ सालच्या एका अभ्यासात लठ्ठ आणि सडपातळ अशा दोन्ही प्रकारच्या मांजरांना रोज १०० मायक्रोग्रॅम क्रोमियम सहा आठवडे दिले, तेव्हा ग्लुकोज चाचणीत काहीही फरक पडला नाही. २००२ सालच्या दुसऱ्या अभ्यासात नेहमीच्या वजनाच्या मांजरांमध्ये थोडी सुधारणा दिसली. मात्र या दोन्ही अभ्यासांतली मांजरे मधुमेही नव्हती, आणि तुमच्या घरातला बोका मधुमेही आहे. मधुमेही मांजराच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींच्या भोवती बहुधा अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचलेले असतात आणि बराच काळ चढलेल्या साखरेने त्या पेशी स्वतःही थकलेल्या असतात. क्रोमियमबद्दलचा दावा एवढाच आहे की ते असलेल्या इन्सुलिनचा परिणाम वाढवते. मुळात इन्सुलिनच अपुरे असेल तिथे या दाव्यातून फारसे काही हाती लागत नाही. माणसांच्या बाबतीतही युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१४ साली क्रोमियमची आहारातली आवश्यक मात्रा ठरवायला नकार दिला, कारण निरोगी माणसांना त्याचा फायदा होतो याचा पुरावाच तिला सापडला नाही.

व्हॅनेडियमचे, म्हणजे लेबलावरच्या व्हॅनाडिल सल्फेटमधल्या खनिजाचे, प्रकरण अधिक गंभीर आहे, कारण त्याचा परिणाम खरोखर होतो. इन्सुलिनने पेशीला दिलेला संदेश पुसून टाकणारी काही विकरे असतात. व्हॅनेडियम त्यांना अडवते, त्यामुळे संदेश अधिक काळ टिकतो. या गुणामुळे गेल्या शतकाच्या अखेरीस मधुमेही मांजरांना इन्सुलिनच्या जोडीने व्हॅनेडियम देऊन पाहिले गेले. ते नित्याच्या उपचारांत रुजले नाही. उलट्या, जुलाब आणि अन्नावरची वासना उडणे हे त्याचे ठळक दुष्परिणाम, आणि दीर्घकाळ दिल्यास मूत्रपिंडांनाही धोका. ज्या मांजराला दिवसातून दोनदा इन्सुलिन टोचले जाते, त्याचे खाणे सुटणे ही किरकोळ गोष्ट नव्हे. इन्सुलिन आपले काम करत राहते, पोटात अन्न नसते, आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. शिवाय मन्यासारखे वजनदार मांजर काही दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साचून यकृतच निकामी होऊ लागते. गोळीचा हा ‘नैसर्गिक’ घटक मन्याला नेमका या कड्यावर नेऊन उभा करू शकतो.

जस्ताबद्दल, म्हणजे लेबलावरच्या झिंकबद्दल, एक गैरसमज नेहमी आढळतो आणि तो समजण्यासारखा आहे. मांजरांसाठीच्या एका इन्सुलिनचे नावच प्रोटामाइन झिंक इन्सुलिन आहे, त्यामुळे जस्त आणि मधुमेह यांचे काही औषधी नाते असावे असे पालकांना वाटते. नाते आहे, पण ते बाटलीतले आहे. १९३४ साली असे लक्षात आले की जस्त असेल तर इन्सुलिनचे स्फटिक नीट तयार होतात. दोन वर्षांनी प्रोटामाइन आणि जस्त यांच्या जोडीने इन्सुलिन त्वचेखालून सावकाश शोषले जाईल अशी व्यवस्था करता आली. तिथे जस्ताचे काम इन्सुलिनला रोखून धरण्याचे असते. मांजराला जस्त पुरवणे हा त्याचा हेतूच नसतो. वरून भरमसाट जस्त पोटात गेले तर तांबड्या पेशी फुटून पंडुरोग होऊ शकतो, आणि मांजराच्या तांबड्या पेशी आधीच नाजूक असतात. मधुमेही मांजरांमध्ये त्यांची झीज अधिक होत असल्याची चिन्हे रक्ताच्या नमुन्यात दिसतात.

मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि फॉस्फरस यांच्याबाबत मात्र तुमच्या स्नेह्यांच्या बोलण्यात सत्याचा अंश आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. साखर खूप चढलेली असते तेव्हा मांजराला लघवी फार होते आणि तिच्याबरोबर ही खनिजे वाहून जातात. आजार किटोॲसिडोसिसपर्यंत (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साचण्याच्या जीवघेण्या अवस्थेपर्यंत) गेला, म्हणजे मांजर खायचे थांबले, उलट्या करू लागले, मलूल पडले, तर दवाखान्यात इन्सुलिन सुरू केल्यावर रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फरस पेशींमध्ये ओढले जातात आणि रक्तातली पातळी एकदम कोसळते. पोटॅशियम फार उतरले की मांजराला मान उचलून धरता येत नाही, हनुवटी छातीकडे झुकते. फॉस्फरस फार उतरले तर तांबड्या पेशी फुटू लागतात. अशा वेळी ही खनिजे द्यावीच लागतात आणि त्यांनी जीव वाचतो. पण ती सलाइनमधून, दर काही तासांनी रक्त तपासत, मोजून दिली जातात. घरी चालते-फिरते, खाणारे-पिणारे मांजर या अवस्थेत नसते. ते ‘संपूर्ण आहार’ म्हणून बनवलेले खाद्य खात असेल तर या खनिजांची गरज त्यातूनच भागते. ११ वर्षांच्या बोक्याची मूत्रपिंडे किती सक्षम आहेत हे तपासल्याशिवाय वरून मॅग्नेशियम किंवा पोटॅशियम देणे मला मुळीच पसंत नाही, कारण थकलेली मूत्रपिंडे जास्तीचा साठा बाहेर टाकू शकत नाहीत, आणि वाढलेले पोटॅशियम हृदयाची लय बिघडवते. मूत्रमार्गात खडे होण्याची प्रवृत्ती असलेल्या बोक्याला जादा मॅग्नेशियम त्याही अर्थाने घातक ठरू शकते.

इन्सुलिन कमी करण्याचा विचार सध्या मनातून काढून टाका. मांजराच्या मधुमेहात एक फार मोठी आशा असते, ती अशी की सुरुवातीच्या काळात साखर नीट ताब्यात आणली तर थकलेल्या पेशी पुन्हा कामाला लागतात आणि अनेक मांजरांचे इन्सुलिन पुढे पूर्ण बंदही होते. ही शक्यता निदानानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत सर्वांत जास्त असते. मन्याचे पाच आठवडे गेले आहेत. उरलेले महिने गोळ्यांचा गुण येतो का हे पाहण्यात गेले, तर ते परत मिळणार नाहीत, आणि मला या बाटलीची सर्वांत जास्त काळजी वाटते ती या कारणाने. इन्सुलिन अचानक घटवले तर किटोॲसिडोसिसची भीती असते, ती वेगळीच.

मग ३५०चा आकडा का हटत नाही? याची कारणे शोधण्यासारखी आहेत, आणि पहिले कारण तुमच्या हातातल्या सिरिंजमध्ये असू शकते. इन्सुलिनच्या बाटलीवर यू-४० किंवा यू-१०० असे छापलेले असते. सिरिंजवरही तसाच आकडा असतो आणि हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत. यू-४० इन्सुलिन यू-१००च्या सिरिंजमध्ये दोनच्या रेषेपर्यंत भरले तर मन्याला दोनऐवजी फक्त ०.८ युनिट मिळते. उलट चूक झाली तर दोनऐवजी पाच युनिट जातात, आणि ती चूक प्राणावर बेतू शकते. यू-४० मधले दोन युनिट म्हणजे अवघे ०.०५ मिलिलिटर, एवढ्याशा थेंबात हवेचा एक बुडबुडा राहिला तरी मात्रा घटते. सिरिंज उजेडासमोर डोळ्यांच्या पातळीवर धरा, टिचकी मारून बुडबुडा वर आणा, तो बाटलीत परत ढकला आणि मग रेषा पुन्हा पाहा. प्रत्येक वेळी नवी सुई वापरा, जागा बदलत राहा आणि मानेऐवजी कुशीकडची कातडी चिमटीत उचलून टोचा. मन्या वाटीत तोंड घालून खात असताना हे केले तर तो अंग चोरणे बरेच कमी करेल. बोथट सुई आणि रोज तीच जागा, एवढ्यानेही मांजर शहारते. तुमचा हात जड आहे असे मनाला लावून घेऊ नका.

दुसरे कारण दवाखाना स्वतःच असू शकतो. पिंजऱ्यात कोंडून, प्रवास करून, अनोळखी वासांमध्ये आलेल्या मांजराची साखर केवळ भीतीने ३००च्या वर जाऊ शकते, मधुमेह नसलेल्या मांजराचीसुद्धा. म्हणून दवाखान्यातल्या एका आकड्यावरून मात्रा ठरवता येत नाही. फ्रुक्टोसामाइन ही चाचणी मागील एक-दोन आठवड्यांतली सरासरी सांगते, ती करून घ्या. आणि शक्य असेल तर घरी मोजायला शिका. कान कोमट कापडाने काही क्षण शेकायचा, मागून कापसाचा बोळा धरायचा, कानाची कड आणि कडेने जाणारी शीर यांच्या मधल्या पट्टीत टोचायचे आणि मोहरीएवढा थेंब पट्टीला टेकवायचा. पशुवैद्यांनी एकदा दाखवले की जमते. माणसांचे ग्लुकोमीटर मांजराचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवते, म्हणून मांजरांसाठीच्या मोजणीची सोय असलेले यंत्र घ्यावे. एखाद्या दिवशी सकाळच्या इन्सुलिनपासून दर दोन तासांनी दहा-बारा तास नोंद केली की औषध किती उतरवते, केव्हा उतरवते आणि किती वेळ टिकते, हे तिन्ही समजते.

तिसरे कारण खाद्य. तुम्ही पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलेले नाही, पण मन्या कोरडे दाणेदार खाद्य खात असेल तर इथेच सर्वांत मोठा फरक पडू शकतो. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी. पिष्टमय पदार्थांतून एकदम आलेली साखर हाताळण्याची त्याच्या यकृताची तयारी तोकडी असते. बहुतेक कोरड्या खाद्यात असे पदार्थ भरपूर असतात, तर चांगल्या ओल्या, मांसप्रधान खाद्यात ते फार थोडे. मात्र हा बदल पशुवैद्यांना सांगूनच करा, कारण खाद्य बदलताच साखर झपाट्याने उतरते आणि कालपर्यंत अपुरी वाटणारी दोन युनिटे एकाएकी जास्त होतात. मांजर अडखळू लागले, भांबावले, फार अशक्त झाले किंवा त्याला झटके आले तर साखर उतरली असे समजून हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे दाट पाणी चोळावे आणि तातडीने दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही ओतू नये. वजनाबद्दलही पशुवैद्यांशी बोला. पाच आठवड्यांत ६०० ग्रॅम गेले, तेव्हा हे उतरणे आहारामुळे आहे की साखर ताब्यात नसल्यामुळे, हे पाहायला हवे. ठरवून उतरवायचे झाले तर आठवड्याला वजनाच्या १ टक्क्याच्या आसपास पुरे.

याशिवाय दातांचा किंवा लघवीचा संसर्ग, त्वचेच्या खाजेसाठी पूर्वी दिलेले दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन, असे काही इन्सुलिनला आड येत आहे का, हे विचारा. मात्रा वाढवूनही साखर हलली नाही तर आयजीएफ-१ ही रक्ततपासणी करायला सांगा. आयजीएफ-१ हे वाढीच्या संप्रेरकाच्या प्रभावाने शरीरात तयार होणारे द्रव्य. मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीतून वाढीचे संप्रेरक जास्त पाझरले की इन्सुलिन निष्प्रभ होते, आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत सुमारे चारातल्या एका मधुमेही मांजरात आयजीएफ-१ तसा संशय यावा इतके वाढलेले आढळले होते. ही तपासणी इन्सुलिन सुरू होऊन सहा-आठ आठवडे झाल्यावर अधिक भरवशाची ठरते, म्हणजे मन्याच्या बाबतीत ती वेळ आता जवळच आली आहे.

टोचण्याऐवजी तोंडावाटे काही देता येईल का, असे तुमच्या मनात नक्कीच आले असेल. बेक्साग्लिफ्लोझिन आणि व्हेलाग्लिफ्लोझिन या मांजरांसाठीच्या औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २०२२ आणि २०२३ साली मान्यता मिळाली आहे, पण ती पूर्वी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहे. मन्या इन्सुलिनवर असल्याने त्याच्यासाठी तो मार्ग धरू नये.

शेवटी त्याच्या पायांविषयी. टाच टेकवून चालणे हे मधुमेहाने मागच्या पायांच्या नसा दुबळ्या झाल्याचे लक्षण आहे, आणि ते साखर उतरल्यावर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बहुधा सुधारते. पोटॅशियम कमी झाल्याने येणारा अशक्तपणा याहून वेगळा दिसतो, त्यात वर लिहिल्याप्रमाणे मान झुकते. तरी पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियमचा आकडा मुद्दाम पाहायला सांगा, म्हणजे शंका उरणार नाही. या नसांसाठी काही पशुवैद्य ब-१२ जीवनसत्त्वाचा मिथाइलकोबालामिन हा प्रकार देतात. ते पाण्यात विरघळणारे असून मांजराला सहसा बाधत नाही, म्हणून पुरवणी म्हणून काही द्यायचेच असेल तर याच्याविषयी त्यांना विचारा. मात्र त्या गोळीत गोड चवीसाठी झायलिटॉल किंवा जोडीला अल्फा लिपॉइक ॲसिड नाही, हे लेबलावर दोनदा वाचून घ्या. तोवर खिडकीखाली एक बुटके स्टूल ठेवा, घसरत्या फरशीवर सतरंजी अंथरा आणि आठवड्यातून एकदा, तो चालत असताना, बाजूने त्याचा एक फोटो काढत जा. टाच आणि जमीन यांच्यातले अंतर रोज पाहणाऱ्या डोळ्यांना वाढलेले कळत नाही. चार आठवड्यांचे चार फोटो शेजारी ठेवले की कळते, आणि ते फोटो साखरेच्या नोंदींसोबत पशुवैद्यांना दाखवता येतात.